जुना बंगला दुरुस्तीला काढण्याआधी तो कसा वाचावा

गेल्या वैशाखात बेळगावच्या हिंदवाडीतल्या ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांचा बंगला त्यांच्या वाट्याला आला होता. भिंतींना ओल, कौलं गळकी, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण 'पाडा आणि फ्लॅट बांधा' म्हणणारा. मी बघायला गेले तेव्हा त्यांनी व्हरांड्यात पडलेलं एक कौल माझ्या हातात ठेवलं. "हे बघा, खाली १८६५ लिहिलंय. म्हणजे घर दीडशे वर्षांच्या वरचं झालं की!"

कौल उलटं केलं. मातीतच उठवलेली इंग्रजी अक्षरं होती: बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगळूर, आणि साल. ते साल कौलाचंही नव्हतं आणि घराचंही नव्हतं. मंगळूरच्या जेप्पू भागात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५. पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तेच साल उठत राहिलं. आपल्या भागातल्या जुन्या घरांबद्दल जे गैरसमज मी ऐकते, त्यातले निम्मे या एका आकड्यातून निघालेले आहेत.

मी बेळगावात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं नकाशे काढले. माझा जन्म टिळकवाडीतल्या आमच्या बंगल्यातला. आजोबा वकील होते, त्यांनी तो बांधला. अजून मी तिथेच राहते. असं घर ज्यांच्या हातात आलंय त्यांना मी एकच गोष्ट सांगते: गवंड्याला बोलावण्याआधी एक पूर्ण पावसाळा घराबरोबर काढा. घराचं वय, त्याची चाल आणि त्याचं दुखणं कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा नवं दुखणं लावून जाते. हे कसं करायचं ते सविस्तर लिहिते.

सामान फार लागत नाही. तीस मीटरची टेप, एक छोटी पाच मीटरची, ओळंबा, चांगला टॉर्च, लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर, खडू, चौकटीच्या कागदांची वही आणि पारदर्शक प्लॅस्टिकची वीस-पंचवीस फूट नळी. ही नळी पाण्याची पातळी बघायला लागते. मोबाइलवर फोटो काढाच, पण हाताने काढलेलं चित्र टाळू नका. फोटो काढताना डोळा पुढे पळतो, चित्र काढताना थांबावं लागतं.

आधी रस्त्यावर उभं राहा

पहिला अर्धा तास घरात जाऊच नका. फाटकाशी उभं राहून घराचा आकार बघा. जोतं किती उंच आहे, व्हरांडा किती बाजूंनी आहे, छपराला किती पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, आहेत, पुढे गाडी थांबायला पोर्च आहे का, आणि तो छपराशी एकजीव आहे की मागून चिकटवलेला आहे.

बंगला हा शब्दच बंगालातला. तिथल्या शेतकऱ्याच्या उतरत्या छपराच्या झोपडीवरून इंग्रजांनी तो उचलला, तिला चौफेर व्हरांडा दिला आणि छावणी-छावणीतून देशभर नेला. बेळगावात लष्करी छावणीचा कँप वसला तो १८३० च्या दशकात, तेव्हापासून हा नमुना आपल्या डोळ्यांसमोर होता. गावातली माणसं मात्र गल्लीतल्या घरांत, भिंतीला भिंत लावून राहायची. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत तो सगळ्या इलाख्यात फिरला, तेव्हा लोक गाव सोडून रानात, झोपड्यांत राहिले. मोकळ्या हवेत, चारी बाजूंनी उजेड येईल असं घर असावं ही ओढ सुशिक्षित घरांत तेव्हापासून धरली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत वकील, डॉक्टर, पेन्शनर यांनी गावाबाहेर जे बंगले बांधले त्यांच्यामागे ही भीतीही आहे आणि ही हौसही.

पण कँपातला साहेबाचा बंगला आणि आपल्या माणसाचा बंगला हे एक नव्हे, आणि हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेरून दोन्ही सारखे. आत गेलात की आपल्या बंगल्यात हॉलच्या मागे माजघर लपलेलं असतं. देवघर पूर्वेला, स्वयंपाकघर मागे आणि थोडं सुटं, म्हणजे सोवळं पाळता येईल आणि धूरही घरात येणार नाही. विहीर मागे, तुळस मागे. पुढच्या व्हरांड्याला एका टोकाला स्वतंत्र दाराची खोली, तिथे आजोबांचे पक्षकार बसायचे. पक्षकाराने त्या दाराने यायचं, त्याच दाराने जायचं. घरातल्या बायकांची सगळी ये-जा मागच्या दाराने. पुढचा दरवाजा लग्नात आणि गणपतीत उघडायचा, असं आजी सांगायची.

आवाराच्या अगदी मागे, कुंपणाला लागून एखादा अरुंद बोळ आणि त्यात उघडणारं छोटं दार सापडेल. ते संडासाचं. टोपल्या उचलायला येणाऱ्या माणसांनी घरासमोरून येऊ नये म्हणून तो बोळ ठेवलेला असायचा. आपल्या नकाशात तोही काढा आणि त्याचं काय काम होतं तेही लिहा. बोळ बुजवला म्हणून तो इतिहास बुजत नाही.

वय कसं काढायचं

एका खुणेवरून वय ठरवू नका. प्रत्येक खूण एवढंच सांगते की ही वस्तू अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही. चार-पाच खुणा जमल्या की मधला काळ आपोआप अरुंद होतो.

कौलांपासून सुरुवात करा. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने जर्मन माणसांचे म्हणून सरकारने ताब्यात घेतले, आणि १९१९ च्या सुमाराला ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. त्यामुळे कौलावर कॉमनवेल्थ हे नाव असेल तर ते १९१९ च्या नंतरचं. बासेल मिशन असेल तर बहुधा त्याआधीचं. आल्बुकर्क कंपनीची कौलंही आपल्याकडे सापडतात, तो कारखाना १८६८ चा. निव्वळ खानापूरचा शिक्का असलेली कौलंही भरपूर. खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना चांगली, आणि अंतरही हाकेचं, त्यामुळे दुरुस्तीत तीच वापरली गेली.

आमच्याच घराचं सांगते. मुख्य छपरावर सगळी कॉमनवेल्थची कौलं, आणि पोर्चवर बासेल मिशनची. हिशेबाने पोर्च घराहून जुना ठरतो, जे शक्यच नाही. उलगडा आजोबांच्या खर्चाच्या वहीत झाला: 'जुनी कौले, गाड्या दोन.' कुणाच्या तरी मोडलेल्या घरची कौलं त्यांनी बैलगाडीने आणून पोर्चवर घातली होती. जुनं सामान पुन्हा वापरणं ही तेव्हाची रीतच होती. दारं, चौकटी, तुळया एका घरातून दुसऱ्या घरात जात. म्हणून एकट्या कौलावर विसंबायचं नाही.

नंतर लोखंड. गच्चीखाली किंवा न्हाणीघरावर लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी दिसल्या तर टॉर्च घेऊन तुळईच्या अंगावरची अक्षरं शोधा. रंगाचे थर असतात, हलक्या हाताने खरवडा. डॉर्मन लाँग हे नाव बऱ्याचदा निघतं. इंग्लंडमधल्या मिडल्सबरोची ही कंपनी, पुढे सिडनीच्या बंदरावरचा मोठा पूल तिनेच बांधला. टाटाचा शिक्का असेल तर तुळई १९१२ च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेच त्या वर्षी.

फरशी हा तिसरा साक्षीदार. शहाबादी फरशी किंवा चुन्याचा कोबा कुठल्याही सालाचा असू शकतो. रंगीत नक्षीच्या फरश्या मात्र बोलतात. विलायतेहून आलेल्या मिंटनच्या फरश्या भट्टीत भाजलेल्या असतात, त्यांची नक्षी झिजता झिजत नाही. सिमेंटच्या नक्षीदार फरश्या दाबयंत्रात दाबून केलेल्या, त्यांची नक्षी म्हणजे वरचा रंगीत सिमेंटचा थर. मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी १९२२ साली निघाली, स्वदेशीच्या वाऱ्यात. एखादी सुटी झालेली फरशी उचलून पाठ बघा, नाव तिथे असतं. घट्ट बसलेली उकरू नका.

चौथं, सिमेंट. पोरबंदरचा कारखाना १९१४ च्या सुमाराला चालू झाला, त्यानंतर देशी सिमेंट हळूहळू मिळू लागलं. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यात भिंत चुन्याची आणि सिमेंट फक्त न्हाणीत, हौदात किंवा छज्ज्यावर, असा मेळ दिसला तर काळ बहुधा १९२० ते १९४० मधला धरावा.

कागद या सगळ्यांत शेवटी. त्याबद्दल खाली लिहिते.

भिंत

हा भाग घाईने वाचू नका. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आपल्या भागातली जुनी भिंत बहुतेक अशी असते: जोतं काळ्या दगडाचं, त्यावर जांभ्याचे चिरे, सांध्यात चुना, आत-बाहेर चुन्याचा गिलावा. जाडी दीड फूट. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. काळा दगड घट्ट, तो जमिनीतलं पाणी वर चढू देत नाही. जांभा सच्छिद्र, खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ आणि हवेवर राहून कठीण होणारा. बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, खानापूरकडे त्याहून कितीतरी जास्त. एवढ्या पावसात जांभा पाणी पिणारच. चुना त्याला ते पाणी पुन्हा हवेत सोडू देतो. आषाढात भिंत दमट, आणि दिवाळीपर्यंत कोरडी.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला आमच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा पोपडे धरून सुटायला लागला. वडिलांनी एका कंत्राटदाराला काम दिलं. त्याने चुना सगळा फोडून काढला आणि वर सिमेंटचा जाड गिलावा चढवला. दोन वर्षं भिंत आरशासारखी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूने ओल चढली, चौथ्या वर्षी पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटला, आणि नंतर आतल्या जांभ्याचं पीठ व्हायला लागलं. कपाटामागे हात घातला की लाल भुकटी तळहाताला लागायची. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट सिमेंटने बंद केली होती. आईच्या लग्नातल्या पैठणीला त्याच कपाटात बुरशी आली. ती घडी उलगडताना आईचा चेहरा मी पाहिलाय, म्हणून हे पोटतिडकीने सांगते.

वीस वर्षांनी सुळग्याच्या एका वयस्क मेस्त्रींनी ती भिंत बरी केली. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर हात फिरवला, कान लावून टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, ह्या भिंतीला वारं पायजे. सिमेंट लावू नकासा परत."

तुमची भिंत चुन्याची की सिमेंटची हे ओळखायला किल्ली पुरे. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात दरजेवर, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यावर, किल्लीने ओरखडा काढा. चुना पांढरट किंवा सायीच्या रंगाचा, सहज खरवडला जातो, आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात. सिमेंट करडं असतं आणि किल्ली त्यावरून घसरते.

चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करायची. विरवलेला, म्हणजे पाणी घालून फुलवलेला, चुना निदान पंधरा दिवस, महिनाभर मिळाला तर उत्तम, पाण्याखाली मुरू द्यायचा. मग एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग धुतलेली चांगली वाळू. ओलीच्या जागी वाळूतला काही भाग कमी करून तिथे सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी घालायची. जुनी माणसं गुळाचं पाणी, हिरड्याचं किंवा बेलफळाचं पाणी घालत. आमच्या मेस्त्रींनी हिरडा आणि गूळ दोन्ही घातलं होतं आणि त्या दिवशी घरभर काकवीसारखा वास होता. कळीचा चुना स्वतः विरवायला जाऊ नका. पाणी पडताच तो उकळतो आणि उडतो, डोळ्यांना जन्माची इजा होते. विरवलेला आणा किंवा जाणत्या माणसाकडून, डोळ्यांवर चष्मा घालून करवून घ्या.

गिलावा पातळ थरांत, प्रत्येक थर ओढ खाल्ल्यावर पुढचा. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून भिंत ओलसर ठेवायची, थेट ऊन लागू द्यायचं नाही. हे काम दसऱ्यानंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. वरून प्लॅस्टिक रंग लावलात तर सगळं पाण्यात गेलं, कारण तोही भिंतीचं तोंड बंद करतो. चुन्याची सफेदीच द्या. रंग हवा असेल तर त्यातच काव किंवा पिवळी माती मिसळा.

अजून एक गोष्ट, जी पन्नास घरांत दिसते आणि कुणी बोलत नाही. रस्ता दर डांबरीकरणाला चार बोटं वर येतो. आवारात आपण फरशी घालतो, पेव्हर घालतो. आमच्या पोर्चला आजोबांच्या वेळी चार पायऱ्या होत्या, आता अडीच दिसतात. काळ्या दगडाचं जोतं जमिनीत गेलं की माती थेट जांभ्याला टेकते आणि ओल चढते. गिलाव्याला हात लावण्याआधी घराभोवती हातभर रुंदीची पट्टी खणा, जोतं मोकळं करा, पागोळ्यांचं पाणी वाहून जाईल असा उतार द्या. काही घरांची निम्मी ओल एवढ्यानेच जाते.

छप्पर

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, अक्षय तृतीया ते मृग यांच्यामध्ये. मिरगाचा पाऊस कधी चार दिवस आधीही येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आधी भर दुपारी पोटमाळ्यावर चढा, दिवे बंद करा आणि दहा मिनिटं बसून राहा. डोळे सरावले की उजेडाचे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याखालच्या रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, खडूने खूण करा. पहिला मोठा पाऊस आला की पुन्हा चढा, आता ओल्या जागांना दुसऱ्या रंगाची खूण. दोन्ही खुणा कधी एकत्र येत नाहीत, कारण पाणी वाशावरून सरकत चार फूट खाली येऊन टपकतं. खाली बादली ठेवलेल्या जागेवरचं कौल बदलून गळती थांबत नाही ती यामुळेच.

मग लाकूड. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण सगळं छप्पर सागाचं नसतं. तुळया सागाच्या, वासे ऐनाचे किंवा किंदळाचे आणि रिपा मिळेल त्या लाकडाच्या, असं नेहमी आढळतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वाशाच्या त्या भागात दाबा जो भिंतीत शिरतो. तिथे ओल साठते आणि लाकूड तिथेच कुजतं. टोक सहज आत गेलं तर वासा गेलाय. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून दोरी बांधा, आढं मध्ये किती वाकलंय ते बोटांनी मोजता येतं.

कौलं उतरवताना शिक्क्यांप्रमाणे वेगळ्या थप्प्या लावा. हे सांगूनही गडी विसरतात, म्हणून स्वतः उभं राहा. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खोबणी एकमेकींत नीट बसत नाहीत आणि तिथून पावसाची झड आत येते. एका कंपनीची कौलं एका पाखीवर, दुसऱ्या कंपनीची दुसऱ्या पाखीवर. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात, फुटीसाठी थोडी जास्त धरा. नव्या कौलांची मागणी करण्याआधी पाडकामाच्या सामानाच्या दुकानांत चक्कर टाका, जुन्या शिक्क्याची कौलं अजून मिळतात. दोन पाखी जिथे मिळतात त्या घळीत जस्ताचा पत्रा असतो. तो गंजलेला असेल तर बाकी सगळं नवं करूनही घर गळणार.

हॉलच्या भिंतीत वर, छपराजवळ, दोरीने उघडायची छोटी तावदानं असतील तर ती काचा लावून कायमची बंद करू नका. गरम हवा तिथूनच बाहेर पडते. ती बंद करून पंखे आणि एसी लावलेली घरं मी पाहिली आहेत, आणि घरातली माणसं 'जुनं घर फार उकडतं' म्हणत असतात.

मोजणी

आता घर फुटांत मोजा. मीटरमध्ये मोजलंत तर आकडे मुके होतात. फुटांत मोजलं की बांधणाऱ्याचं मन दिसतं: बारा बाय सोळा, दहा बाय बारा, व्हरांडा आठ. जिथे सव्वाअकरा फूट येतं तिथे थांबा, तिथे काहीतरी मागून झालंय. भिंतीची जाडी प्रत्येक दारात मोजा. दीड फूट म्हणजे मूळची, नऊ इंच किंवा साडेचार इंच म्हणजे वाटणीनंतर घातलेली. खोलीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन खांबांना लावा, पातळीची खूण करा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. जोतं कुठे खचलंय ते समजतं. ही सगळी मापं एकास पन्नास प्रमाणाने चौकटीच्या कागदावर उतरवा.

आमच्या घराचा पहिला खरा नकाशा मी ऑफिसातून निवृत्त झाल्यावर काढला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं काढली आणि हे राहिलं होतं. उत्तर बाजूची बाहेरून लांबी साडेअडतीस फूट. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून पस्तीस फूट दहा इंच. मी तीनदा मोजलं. अडीच फुटांहून थोडं जास्त घर कुठेतरी हरवलं होतं.

ते जुन्या स्वयंपाकघर आणि कोठीच्या मध्ये होतं. त्या भिंतीवर दर श्रावणात माणसाच्या उंचीएवढा ओलीचा डाग उठायचा. कौलं बदलली, गिलावा बदलला, तरी डाग तिथेच. वरच्या कोपऱ्यातली एक वीट काढली तर आतून काजळीचा जुना कडवट वास आला. धुराडं होतं ते. गॅस आल्यावर कुणीतरी खालची चूल आणि धुराड्याचं तोंड विटांनी बंद करून टाकलं होतं, आणि छपराच्या वर आलेला त्याचा भाग कमी करून त्यावर नुसती एक शहाबादी ठेवली होती. ती फुटून चाळीस पावसाळे पाणी सरळ आत पडत होतं आणि सुकायला वारा नव्हता. आम्ही वर टोपी बसवली, खाली एक जाळीची वीट घातली, वर टोपीखाली हवा जायला फट ठेवली. पुढच्या श्रावणात डाग आला नाही. ज्या ओलीवर वडिलांनी इतका पैसा घातला, तिचं उत्तर टेपमध्ये होतं.

विजेचं मोजू नका, हातही लावू नका. लाकडी पट्ट्यांतून जाणारी कापडी वेष्टणाची तार अजून चालू असेल तर मेन स्विच बंद करून जाणकार वायरमन बोलवा.

कागद आणि माणसं

सिटी सर्व्हेचा उतारा, खरेदीखत आणि महापालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदी, हे तीन कागद आधी. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबईकडे होतं, त्यामुळे त्याआधीचे दस्त इंग्रजीत किंवा मराठीत, बरेच मोडीत, आणि नंतरचे कन्नडात. एकाच घराच्या पुडक्यात चार लिप्या सापडतात. कन्नड कागदाला घाबरून तो बाजूला ठेवू नका, शेजारी नक्की कुणीतरी वाचून देतं. आमचा मोडीतला दस्त मी मोडी शिकून वाचला, सहा महिने लागले, आणि त्यात चतुःसीमेत 'पूर्वेस आंब्याचे झाड' असं आहे. झाड नाही, पण त्या बाजूची भिंत तिथेच किंचित का वळलीय ते कळलं.

घर शहापुरात असेल तर लक्षात ठेवा, शहापूर सांगली संस्थानात होतं, ते संस्थान १९४८ साली विलीन झालं. तिथले जुने कागद बेळगावच्या नावाने शोधून मिळणार नाहीत. कँपातल्या बऱ्याच बंगल्यांची जमीन सरकारची आणि फक्त इमारत धारकाची असते, तेव्हा वीट हलवण्याआधी कँटोन्मेंट बोर्डाकडे चौकशी करा. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत असाल तर दुरुस्तीलाही पुरातत्त्वाच्या नियमांनी परवानगी लागते. किल्ल्यात गेलातच तर रामकृष्ण आश्रमाने जपलेलं घर बघा. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद तिथे वनाधिकारी हरिपद मित्रांकडे उतरले होते.

लग्नाचे अल्बम मागून घ्या. जुने ग्रुप फोटो नेहमी पुढच्या व्हरांड्यात काढलेले असतात. नवरानवरीच्या मागे खांब, कठड्याची नक्षी, झडपांच्या खिडक्या सगळं स्पष्ट दिसतं. आमचा लाकडी कठडा कसा होता ते मला आत्याच्या १९३९ च्या लग्नाच्या फोटोवरून सुताराला दाखवता आलं.

आणि म्हाताऱ्या माणसांना घरात आणा. फोनवर विचारू नका, हाताला धरून खोलीखोलीतून फिरवा. 'घर कसं होतं' असं विचारलं तर 'छान होतं' एवढंच उत्तर येतं. 'तुम्ही पाणी कुठून भरायचा', 'पापड कुठे वाळत घालायचा', 'बाळंतिणीची खोली कुठली' असं विचारा.

आमच्या शेजारच्या काकू नव्वदीच्या. लहानपणी त्या रोज आमच्याकडे खेळायला यायच्या. गेल्या दिवाळीत त्यांना मी मागच्या अंगणात खुर्ची दिली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग काठीने विहिरीच्या डावीकडे, जिथे आता आम्ही स्कूटर लावतो, तिथे जमिनीवर टोकलं. "तुळस हितं होती. तुझी आजी पहाटे हितं उभी राहायची आणि मी त्या भिंतीवरनं बघायची." दुसऱ्या दिवशी पेव्हर काढून वीतभर उकरलं. विटांचा चौकोन निघाला, दोन बाय दोन फूट, आणि एका बाजूला दिव्याच्या कोनाड्याचा काळा पडलेला दगड. तो उकरून काढला नाही. मापं घेतली, माती पुन्हा ओढली, आणि नकाशावर विहिरीच्या डावीकडे चौकोन काढून आत 'तुळस' असं लिहिलं. स्कूटर आता पोर्चात लावतो.